चार वाजेपर्यंतची छत्री

प्राचार्य साहेब, नोटिशीत तुम्ही खोटं लिहिलंत. 'गच्चीवर मुलगा-मुलगी भेटतात, सबब डिशची छत्री आज चारपर्यंत काढावी.' खाली तुमची सही. तो मुलगा कॉलेजच्या या गच्चीवर कधी चढलाच नाही. अंकुर अकोल्याच्या कॉलेजात, मी अमरावतीच्या.

भेटलो एकदाच, भंगारच्या दुकानात. केबलवाल्याच्या दोन जुन्या छत्र्या, आणि आमचे चारही हात कमी गंजलेलीवर.

"तुले काहून पायजे?" त्यानं विचारलं.

"चंद्राभोवती यान फिरतं. त्याचा सिग्नल पकडायचाय."

त्याला हसू आलं. "मलेही त्याच्याचसाठी पायजे." मग हात सोडले... हळूच. "घे. गंजकी मी नेतो."

तेव्हापासून रोज फोन. एकच यान दोन गावांतून एकाच वेळी ऐकायचं. नोंदी जुळल्या की ते कुठं आहे ते जास्त नेमकं कळतं. जगभरच्या हौशी लोकांचं असं जाळं आहे; नोंदी जुळल्या तरच ते आत घेतात. आमच्या पहिल्या नोंदी त्यांनी परत पाठवल्या. त्यानं जागतिक वेळ लिहिलेली, मी भारतीय, साडेपाच तास पुढची.

"अपेक्षा, तू तं लग्नातही साडेपाच तास आधी येऊन बसशील."

"कोणाच्या?"

त्यानं घाईघाईनं पुढची नोंद वाचायला घेतली.

चारला छत्री जाणार, म्हणून आजची संधी शेवटची होती. वर ढग, पण रेडिओला ढगांचं काय. यान चंद्रामागे गेलेलं, तीन बेचाळीसला बाहेर येणार. शिपाई खुशालराव पाना घेऊन उभे. फोन सुरू.

तीन बेचाळीस. काही नाही. त्रेचाळीस...

"अंकुर, गेलं सगळं."

"थांब नं जराशी."

आणि लॅपटॉपच्या पडद्यावर सिग्नलची बारीक पांढरी रेघ उमटली.

"आली," तो म्हणाला. "आली," मी म्हणाले. अगदी एकाच वेळी. मी तिथंच खाली बसले.

खुशालरावांनी पाना खिशात टाकला. "मले नट दिसून नाही राहिला, पोरी."

चारला पाच कमी असताना जाळ्याचा निरोप आला — नोंदी जुळल्या, दोघंही आत.

"तुह्या साहेबानं लिहिलं ना, आपण गच्चीवर भेटतो म्हणून," अंकुर म्हणाला. "मंग तिथं एकदा तरी भेटा लागन. एसटी पकडून राहिलो मी... येऊ?"

"ये. पण भारतीय वेळेनं."

तो सात वाजता पोचतो, साहेब. तुमचं खोटं आम्ही खरं करतोय. छत्री राहते की जाते? लेखी उत्तर द्या.