तारेचा घास

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत शशिधर ओतकामासाठी लाकडी नमुने बनवायचा. २००९ च्या उन्हाळ्यात त्याने मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी, बाहेरच्या खोलीत, प्लास्टिकच्या वस्तू घडवणारं यंत्र जुळवलं. आराखडे इंटरनेटवरून उतरवलेले, मोटारी भंगारातल्या झेरॉक्स मशिनच्या. वरून काळ्या प्लास्टिकची जाड तार आत जायची, तापलेल्या पितळी तोंडातून केसासारखी बारीक होऊन खालच्या काचेवर पडायची आणि थरावर थर चढत वस्तू उभी राहायची. निदान तसं व्हायला हवं होतं.

यंत्र हौसेचं नव्हतं. त्याच्या बायकोच्या, पवित्राच्या, घशाचे स्नायू दिवाळीपासून लुळे पडत चालले होते. प्यायला मान मागं केली की पाणी श्वासनळीत जाई. नाकापाशी खाच असलेला पेला असला तर मान मागं न करता पिता येईल, असं दवाखान्यातल्या बाईंनी चित्र काढून दाखवलं होतं. तसा पेला गावात कुठंच मिळेना. शशिधर म्हणाला, "मी करतो."

पण तार आत जाईना. तिला ढकलणारं दातेरी चाक जागच्या जागी फिरून तिचा भुगा पाडी. त्याने स्प्रिंग आवळली, पितळी तोंड बारीक ड्रिलने साफ केलं, उष्णता वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. दोन-चार थर नीट चढत आणि पुन्हा सगळं अडे.

"सदा त्या मशिनपाशीच बसताय," पवित्रा आतून म्हणाली. तिचा आवाज ओल्या फडक्यातून आल्यासारखा येई. "माझ्यापाशी कोण बसायचं?"

"पेला झाला की बसतोच की."

त्याचा लेथवाला मित्र मुनव्वर नवं चाक कातून घेऊन आला. दोघांनी ते बसवलं. तार झरझर आत शिरली आणि एकदम थटली. त्याच क्षणी आतून ठसक्याचा आवाज आला, दम कोंडल्यासारखा.

"भाभीकडं बघ आधी!" मुनव्वर ओरडला.

शशिधरने उठता उठता सवयीने तार उपसली. ठसका तिथंच तुटला.

मुनव्वर त्या तारेकडं बघत राहिला. मग चपला घालून गेला तो परत फिरकला नाही.

योगायोग असेल, असं शशिधरने स्वतःला बजावलं. नमुना पक्का झाल्याशिवाय ओतायचा नाही, हा त्याचा धंद्यातला नेम. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शालूबाई पवित्राला पेज भरवायला बसल्या, तेव्हा त्याने यंत्र चालू केलं. तार थटली, ठसका लागला. तार मागं घेतली, ठसका थांबला. मग मोटार सोडवून त्याने चाक बोटांनीच हळूहळू फिरवलं. तार मऊ लोण्यात शिरावी तशी आत गेली.

"दादा, वाटी संपली की हो!" शालूबाई आतून ओरडल्या. "कवाधरनं एवढं खाल्लं न्हवतं पोरीनं."

शशिधरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्याने खाली पाहिलं. काच कोरडी होती. हातभर तार आत गेली होती आणि तोंडातून थेंबही बाहेर पडला नव्हता.

त्याने पेल्याचा नाद सोडला. रोज पवित्राच्या जेवणाला शालूबाई आत बसत आणि तो बाहेर चाक फिरवी. तिच्या गालांवर मांस आलं. पण तिचा हात हातात घेतला की कातडी गुळगुळीत लागायची, सांडशीच्या प्लास्टिकच्या मुठीसारखी.

"तोंडाला जळका वास येतोय वो," एकदा ती म्हणाली. "आन् पोटात काय जात न्हाय असं वाटतंय. तुम्ही बसा की जरा माझ्यापाशी."

तो बसला. त्या दुपारी एक घोटही तिच्या घशाखाली उतरला नाही. संध्याकाळी तो पुन्हा बाहेर येऊन चाकापाशी बसला. दुसरं काय करणार होता?

लोडशेडिंगच्या वेळा सांभाळूनच जेवण चाले. पण त्या सोमवारी वीज अवेळी गेली.

अर्धी वाटी झाली होती. पंखा थांबला. यंत्रावरचा लाल दिवा विझला.

पितळ गार होऊ लागलं. चाक घट्ट झालं.

आत ठसका लागला.

त्याने तार पक्कडीत धरून ओढली. हलेना. मेणबत्ती पेटवून पितळाखाली धरली, पुन्हा जीव खाऊन ओढली. तार आतल्या आत तुटली.

"दादा! अवो दादा, पळा!"

मग शालूबाईंच्या रडण्याखेरीज आतून आवाज आला नाही.

दिवस कलताना बायकांनी पवित्राला अंघोळ घातली. वीज अजून आली नव्हती. शालूबाईंनी शशिधरला आत हाक मारली.

"ओठात केस अडकलाय वाटलं, म्हणून वढला, दादा. सरंना झालाय."

मिटलेल्या ओठांतून निघालेल्या काळ्या धाग्याचे वेढे त्यांच्या मनगटावर पडले होते. शशिधरने तो चिमटीत धरला. पवित्राचं अंग कधीच गार पडलं होतं. धागा गरम होता, आणि कुणी न ओढताच त्याच्या बोटांमधून पुढं सरकत होता.