अस्वल दिसल्यास पळू नका

जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या इमरमानस्ट्रासे या रस्त्यावर एक जपानी किराणा दुकान होतं. दर शनिवारी मी तिथे तांदूळ घ्यायला जायची. जपानी तांदळाचा भात आपल्या गुरगुट्या भाताच्या बराच जवळ जातो, आणि परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीला तेवढं सुख पुरतं – असं मला दोन हजार सहाच्या ऑक्टोबरपर्यंत वाटत होतं.

त्या शनिवारी पाऊस तिरपा पडत होता. दुकानात शिरले, छत्री मिटली, आणि बघते तर काउंटरपुढे एक उंच, ओलाचिंब माणूस हातात चिमटा धरून उभा. चिमट्यात नखाएवढी पाटी. काउंटरवरच्या जपानी आजी भिंगातून ती वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलवत हसू दाबलं.

मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. पाटी वाचली. आजींइतका सभ्यपणा माझ्याकडे नाही… मी मोठ्यानं हसले.

"आयला, हिला काय झालं हसायला?" तो पुटपुटला.

"हिला मराठी येतं," मी म्हणाले. "आणि जपानीही."

त्याचे कान आधी लाल झाले, मग बाकीचा चेहरा.

"सॉरी हं… म्हणजे मी तुम्हाला नाही—"

"मग कोणाला? टोफूला?"

"अहो, ही स्टेशनची पाटी आहे. नाव कसं वाचायचं, एवढंच विचारत होतो."

"त्यावर लिहिलंय – अस्वल दिसल्यास पळू नका."

त्यानं पाटी डोळ्यांजवळ नेली. "पण… आम्ही या नावाच्या तीनशे निमंत्रणपत्रिका छापल्यात."

मग त्यानं सगळं सांगितलं. नाव चारुदत्त म्हैसाळकर, गाव मिरज, शिक्षण मेकॅनिकल, नोकरी पंप बनवणाऱ्या कंपनीत. शेजारच्या नॉयस गावात खेळण्यातल्या रेल्वे बांधणाऱ्यांचा एक क्लब होता, त्याचा तो सभासद; तिथे सगळे त्याला चार्ली म्हणत. एकोणीस जण. चारुदत्त सोडला तर सरासरी वय सत्तर. तो धरला की अडुसष्ट. चार वर्षं खपून त्यांनी जपानच्या डोंगरातलं एक छोटं स्टेशन बांधलं होतं. आधार होता क्लबचे अध्यक्ष हेर – म्हणजे श्रीयुत – पोलमान यांनी जपानच्या सहलीत काढलेल्या फोटोंचा. फोटोत सगळ्यांत मोठी पाटी दिसली, तेच स्टेशनचं नाव असणार, असं हेर पोलमाननी ठरवलं होतं. प्रदर्शन डिसेंबरमध्ये.

"तुमचं नाव?"

"मुक्ता."

"मुक्ताताई, गुरुवारी क्लबमध्ये याल का? प्लीज?"

"ताई म्हणालात तर नाही येणार."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मला ते बघायला आवडलं, हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं.

*

क्लब एका शाळेच्या तळघरात भरायचा. मी हसायच्या तयारीनं गेले होते, पण दिवा लागला आणि हसू विसरले. छातीपर्यंत उंच डोंगर. स्पंजाचे कण चिकटवून केलेली हजारो देवदारं. एका बोगद्यातून रूळ बाहेर यायचे, दुसऱ्यात शिरायचे, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एकच फलाट – लाकडी खोपटं, पत्र्याचं छप्पर, एक बाक, एक थंड पेयांचं मशीन. बस्स. खाली दरी. कोण कुठे जाणार इथून, आणि कोण येणार… तरीही कुणीतरी येईल म्हणून ते स्टेशन तिथे उभं होतं.

मी पुण्यात जपानी शिकले, जपानी कंपनीत दुभाषी झाले. सकाळ-संध्याकाळ जपानी बोलायची, पण प्रत्यक्ष जपान पाहिलं होतं ते जेमतेम तीन आठवडे. मी त्या खोपट्यावरून नजर काढली आणि घाईघाईनं हेर पोलमानना पाटीचा अर्थ सांगून टाकला.

"अशक्य," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पळायचं नाही, तर मग करायचं काय?"

"हळूहळू मागे सरकायचं."

"गेनाऊ," ते गंभीरपणे म्हणाले. "बरोबर आहे."

खरं नाव तिसऱ्या फोटोत सापडलं, कोपऱ्यात, अर्धं बर्फाखाली. मी ते कागदावर मोठं लिहून दिलं, आणि चारुदत्तनं दोन केसांच्या ब्रशनं ते नव्या पाटीवर उतरवायला घेतलं. मी शेजारी भिंग धरून.

"श्वास सोडू नका," तो म्हणाला, "पाटी उडेल."

मी श्वास कोंडला. त्याचं कपाळ माझ्या कपाळापासून चार बोटांवर. छातीत धडधड वाढली, ती श्वास कोंडल्यामुळेच, असं मी स्वतःला बजावलं.

"झालं," तो म्हणाला. आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला आणि पाटी उडाली. मग अठरा म्हातारे आणि आम्ही दोघं, असे वीस जण अर्धा तास जमिनीवर रांगत होतो.

खरं तर माझं काम तिथेच संपलं होतं. पण पुढच्या गुरुवारी मला आठवलं की पेयांच्या मशीनचा रंग चुकलाय. त्याच्या पुढच्या गुरुवारी छत्र्यांचा प्रश्न निघाला. मधल्या दिवसांत चारुदत्तचे फोन.

"अहो, जपानमध्ये लोक बाकाला पाठ टेकून बसतात का?"

"पाठ असली तर टेकतात."

"हं. बरं. आणि… जेवण झालं तुमचं?"

*

नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या साहेबांनी, मोरिता-सान यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जानेवारीपासून जपानला, नागोयात. मुख्य ऑफिस. तीन वर्षं. मी त्यांच्यासमोर शांतपणे मान झुकवली आणि जिन्यात जाऊन नाचले. पहिली बातमी कुणाला सांगायची, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही.

गुरुवारी चारुदत्त उतारावर झाडं लावत होता. मी सांगितलं. त्याचा हात थांबला.

"अभिनंदन," तो म्हणाला आणि चिमट्यातलं झाड लावून टाकलं.

"उलटं लावलंयत."

"डोंगरात वारा असतो."

मी वाट बघितली. त्यानं चिमट्यात पुढचं झाड धरलं.

"बाकी काही म्हणायचंय?"

"बाकी…" त्यानं चिमटा खाली ठेवला. "थंडी असेल तिथे. स्वेटर न्या."

"स्वेटर?"

अठरा डोकी वळली.

"स्वेटर, चारुदत्त? मूर्ख आहेस तू!"

मी पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाले होते, तेही असं. दार आपटून बाहेर पडले. ट्राममध्ये रडले. समोरच्या बाईनं न विचारता टिश्यूचं पाकीट पुढे केलं, त्यामुळे आणखीच रडले.

*

प्रदर्शन डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, शाळेच्याच हॉलमध्ये होतं. जायची अजिबात इच्छा नव्हती, पण प्रमुख पाहुणे मोरिता-सान, त्यांना रेल्वेचं अतोनात वेड, आणि दुभाषी मी. कामाला नाही कसं म्हणणार?

मोरिता-सान स्टेशनसमोर हात मागे बांधून कितीतरी वेळ उभे होते. मग त्यांनी चारुदत्तकडे बघून विचारलं, "तुम्ही भारतीय. राहता जर्मनीत. आमच्या डोंगरातल्या या स्टेशनशी तुमचं काय नातं?"

इथे दुभाष्यांचा एक नियम सांगायला हवा. बोलणारा 'मी' म्हणाला, की आपणही 'मी'च म्हणायचं. आणि काहीही गाळायचं नाही.

चारुदत्त जर्मनमध्ये बोलू लागला. मी जपानीत सांगू लागले.

"मी मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो." मी सांगितलं.

"चार वर्षं मी इथे फक्त रुळांसाठी येत होतो." सांगितलं.

"ऑक्टोबरपासून एका मुलीसाठी येतो."

मी थांबले. मोरिता-साननी भुवई उचलली. "पुढे?"

मी सांगितलं. आवाज चिरकला.

"तिला तिच्या मनासारखं काम मिळालं, नागोयाला. मला तिला बरंच काही सांगायचं होतं. मी म्हणालो, स्वेटर न्या."

"स्वेटर?" मोरिता-साननी मला विचारलं.

"हो. स्वेटर."

"माझं तिच्यावर प्रेम आहे," चारुदत्त म्हणाला, "आणि ती म्हणते तसा मी मूर्खच आहे."

जपानीत एवढंसं वाक्य, पण ते पुरं करताना मला घाम फुटला. माझं तिच्यावर प्रेम आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, तेही साहेबांच्या डोळ्यांत बघत. हॉलमधल्या जर्मन लोकांना सगळं आधीच कळलेलं. अठरा म्हातारे श्वास कोंडून उभे.

"ती मुलगी इथे आहे का?" मोरिता-साननी विचारलं.

मी ते जर्मनमध्ये विचारलं.

"आहे," चारुदत्त म्हणाला.

"आहे," मी जपानीत म्हणाले.

"मग ती काय म्हणते?"

"मग ती काय म्हणते?" मी जर्मनमध्ये विचारलं… आणि सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला.

मी मराठीवर आले. दुसरी कुठली भाषा त्या क्षणी मला येतच नव्हती.

"मी जाणार आहे, चारुदत्त. दहा वर्षं या कामाची वाट बघितलीय मी."

"जाऊ नकोस असं मी म्हणतच नाहीये. जायच्या आधी तुला माहीत असावं, एवढंच."

"हे सगळ्यांसमोर सांगायचं सुचलं तुला?"

"एकटी भेटायला तू आलीस कुठे? आठ फोन केले. एकही उचलला नाहीस."

ते खरं होतं.

"तीन वर्षं आहेत," मी हळूच म्हणाले. "थांबशील?"

"मिरजेचा आहे मी. पॅसेंजरची वाट बघत मोठा झालो. सुट्टीत येईन की तिकडे."

"आणि मला फोनवर 'अहो' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार… मुक्ता."

मी हसले आणि डोळे पुसले. हेर पोलमान अस्वस्थ झाले. "चार्ली! काय म्हणाली ती?" मोरिता-सानही वाट बघत होते. "भाषांतर?"

"माफ करा," मी आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत म्हणाले. "याचं भाषांतर होणार नाही."

मोरिता-साननी चारुदत्तला कमरेत वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाले, "तीनऐवजी दोन वर्षांत ते काम संपतं का, सोमवारी बसून बघू." कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

बाहेर आलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधारू लागलं होतं. ट्रामच्या थांब्यावर आम्ही दोघंच. सगळ्या जगासमोर बोलून टाकणारा तो माणूस आता स्वतःच्या खिशाशी झटत होता. त्यानं खिशातून हात काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"हात धरावा म्हणतोय."

"मग धर ना!"

त्यानं धरला. दोघांचे हात बर्फासारखे गार, तरी कुणीच सोडला नाही. ट्राम आली. दारं उघडली, आमच्यासाठी थोडी थांबली, मिटली, निघून गेली. पुढची वीस मिनिटांनी होती, आणि आम्हाला ती फारच लवकर वाटली.