डॉक्टरांना दिसलेल्या अक्का

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच बाबतीत घडलंय.

आणि रात्रही नव्हती. मागच्या मार्गशीर्षातली भर दुपार. भोकरजवळच्या आमच्या गावातलं आरोग्य उपकेंद्र.

माझ्या डाव्या स्तनात गाठ होती. हा शब्द लिहिताना आजही हात अडखळतो.

घरात कुणालाच बोलले नव्हते. मुलगा राघवेंद्र मला तिथं सोडून गेला, तो गुडघे दाखवायला म्हणून.

महामाया सिस्टरनं टॅबलेट समोर उभा केला. लातूरचे डॉक्टर त्यात दिसणार होते.

"काय टाकू, आजी?"

"गुडघे."

"बाकी काही?"

"काही नाही गं."

"मग पदर कशाला ओढून राहिल्या? डॉक्टर हाय तो, नवरदेव न्हाई!"

हसत हसत ती शेजारच्या खोलीत लेकरांना लस द्यायला गेली. जाताना दार ओढून घेतलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरातली बाई दवाखान्यात जात नसे. मामंजी जायचे. बाईचं दुखणं तेच सांगायचे आणि डोसाची कागदी पट्टी चिकटवलेली बाटली घेऊन यायचे. त्या भरल्या घराची मला अजून आठवण येते.

पण थोरल्या जाऊबाई, सौदामिनीअक्का, त्यांनाही अशीच गाठ होती. सासऱ्यांना कसं सांगणार? त्यांनी पित्त सांगितलं.

पित्ताचं औषध पीत पीतच त्या गेल्या.

आम्हा बायकांना खरं कळलं, ते त्यांना शेवटची आंघोळ घालताना. गाठ फुटून जखम झाली होती.

टॅबलेट उजळला. तरुण, सज्जन चेहरा.

"नमस्कार आजी. गुडघे कधीपासून दुखतात?"

मी सांगू लागले. डॉक्टर मात्र माझ्या खांद्यावरून मागं बघत होते…

"मागं उभ्या आहेत त्यांना खुर्ची द्या ना."

मी वळले.

भिंत. लसीकरणाचं पोस्टर. दार बंद.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतही मी एकटीच होते.

"कोण उभं आहे?"

"हिरवं लुगडं नेसलेल्या बाई. डोक्यावर पदर. तुमच्या कोण?"

अक्कांना हिरव्या लुगड्यातच नेलं होतं.

"जाऊ," माझ्या तोंडून निघालं.

मागून बांगड्या वाजल्या… माझे हात मोकळे आहेत. कित्येक वर्षं झाली.

"बरं, दुखणं नेमकं कुठं?"

"गुडघे," मी म्हटलं.

तेव्हाही. गुडघेच.

डॉक्टर एकदम दचकले. त्यांनी झटकन मान खाली घातली.

"आजी, थांबवा त्यांना. असं माझ्यासमोर नका उघडं होऊ म्हणावं… सिस्टरना बोलवा. पाहिली मी जखम."

मामंजींची चाहूल लागली तरी पदर सावरणारी बाई… परक्या पुरुषापुढं.

माझ्यासाठी.

भीती नंतर वाटली. आधी इतकी लाज वाटली, की तोंड कुठं लपवावं कळेना.

रिकाम्या भिंतीकडं बघून मी म्हटलं, "अक्का, झाका. मी सांगते."

आणि सांगितलं.

नांदेडला ऑपरेशन झालं. गाठ वेळेत निघाली. राघवेंद्र रडला, "आई, मला का नाही बोललीस?" त्याच्याकडं बघवलं नाही.

परवा तपासणीसाठी पुन्हा त्याच टॅबलेटसमोर बसले. या वेळी महामाया शेजारीच होती. डॉक्टर खूश होते. माझ्या मागं त्यांची नजर एकदाही गेली नाही.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "आजी, जाऊबाईंना का नाही आणलं? त्यांची जखम फार चिघळलीय. उशीर करू नका."

महामाया माझ्याकडं बघतच राहिली. अक्का कधीच गेल्या, हे तिला ठाऊक आहे.

"आणते," मी म्हटलं.

"नक्की आणा. त्या दिवशी रडत होत्या. फार दुखत असणार त्यांना."

अक्कांना जाऊन चाळीसेक वर्षं झाली.

अजून दुखत असेल?