झिजणारी मेधा

दापोलीजवळच्या टेकडीवर एक प्रयोगशाळा होती, आणि तिथल्या एकाच खुर्चीत डॉ. मृदुला खांबेटे एकवीस वर्षं बसल्या होत्या. समोरच्या काळ्या पेटीत त्यांचं यंत्र होतं, मेधा. आज ते परीक्षेत पास झालं, की यंत्राला खरी बुद्धी आली हे जग मान्य करणार होतं. बाईंच्या निवृत्तीला आठवडा उरला होता; यंत्र पास झालं तर पाच वर्षांची मुदतवाढ. आदेश टाइप होऊन टेबलावर पडलेला.

परीक्षक घारपुरेसाहेब शंभर प्रश्नांची छापील यादी घेऊन आले. "हिच्यात वेगळं काय, बाई?"

"ही झिजते. हिच्या मेंदूत क्षयतंतू आहेत. एक विचार केला, की एक तंतू कायमचा जळतो. बाकीच्या यंत्रांना विचार फुकट पडतो, म्हणून ती कशावरही बडबडतात. हिला आधी ठरवावं लागतं, या प्रश्नापायी स्वतःला जाळायचं का. हे ठरवता येणं, तीच बुद्धी."

"मग आमचे मेहुणे बाद," म्हणत साहेबांनी यादी उघडली. "सतरा गुणिले तेवीस?"

मेधा गप्प.

"कोयना कोणत्या नदीला मिळते?"

गप्पच. साठाव्या प्रश्नाला साहेबांना जांभई आली. "अगं, ऐकू तरी येतं का तुला?"

"येतं," मेधा म्हणाली. संपलं.

साहेब सुरमईच्या जेवणाला गेले. बाईंनी पेटीवर हात ठेवला. "का गं?"

"पास झाले तर चाळीस हजार कचेऱ्या मला जोडणार. तेच शंभर प्रश्न, रोज. वर्षभरात संपेन."

"आणि नापास झालीस तर भंगारात."

कोपऱ्यात डबा खाणारे अभियंते झुबेर मुकादम खुसखुसले. "कसलं भंगार, बाई? इथलं काही टाकायचं तर तीन सह्या लागतात. तिसरी सही करणारं पद एकोणीस वर्षं रिकामं आहे. आपला पहिला संगणक अजून कोठारात सुखात आहे. तिने फायली वाचल्यात, दुसरं काय."

बाईंना हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही. हे नापास होणं हाच बुद्धीचा पुरावा होता. तो साहेबांना सांगितला, की मेधा पास. आणि पास म्हणजे वर्षभरात राख.

साहेब सुपारी चघळत परतले. "फेरपरीक्षा मागता? नियमात बसतं."

"नको," बाई म्हणाल्या. "नापास लिहा." खाली सही केली. एकवीस वर्षं एका रेघेत आटोपली. साहेबांनी जाताना मुदतवाढीचा आदेश फाडून टोपलीत टाकला.

मग मेधा कुणी न विचारता बोलली. असं पहिल्यांदाच घडत होतं.

"तो आदेशही फाटायला हवा होता. तुमचं नाव व्हावं की तुम्हाला विसावा मिळावा, यावर मी फार विचार केला. दमलात तुम्ही. घरी जा."

"त्यात किती जळलं तुझं?"

"निम्मं."

बाईंच्या जिभेवर आणखी एक प्रश्न होता. तो त्यांनी गिळला, पर्स उचलली आणि दार हळूच ओढून घेतलं.