स्केटला काटा नसतो

"अहो! शेपटी चुकलीय तुमची!"

हडपसरच्या रस्त्यावर स्कूटी कडेला घेऊन मी ओरडले. शिडीवरच्या माणसाने ब्रश थांबवला, मागे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मला शेपटी नाही."

त्याच्या पाठीमागे नव्या सोसायटीची लांबच लांब भिंत होती. भिंतीवर निळाशार समुद्र, गुलाबी प्रवाळ, आणि मधोमध एक चपटा, पंखांसारख्या परांचा मासा. शेपटीला हा भला मोठा विषारी काटा! आणि खाली ऐटीत लिहिलेलं : स्केट.

"स्केटला काटा नसतो," मी म्हणाले. "काटा असतो तो पाकट. एक तर शेपटी बदला, नाहीतर नाव."

"नाव बदलणं सोपं आहे."

"पण ते खोटं होईल! अंग तुम्ही स्केटचं काढलंय."

तो खाली उतरला. पावसाची भुरभुर होती. त्याच्या चष्म्यावर पाण्याचे आणि रंगाचे थेंब सारखेच बसले होते. "आपण कोण? मत्स्यविभाग?"

"वैष्णवी तुपे. मी स्केटवरच संशोधन करते."

"पुण्यात?"

हा प्रश्न मला घरचे, दारचे, रिक्षावाले, सगळे विचारतात. माझं डोकंच फिरलं. "हो, पुण्यात! मंगळावर संशोधन करणाऱ्याला तुम्ही विचारता का, राहता कुठे म्हणून?"

तो हसला नाही. ब्रश पुसत म्हणाला, "मी आमोद. मला खरी स्केट दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी तो खरंच आमच्या प्रयोगशाळेत आला. खोल समुद्रातल्या जाळ्यात सापडलेली माझी स्केट मी बरणीतून बाहेर काढली. ती नेमकी कुठल्या जातीची, हे ठरवण्यात माझे दिवस चालले होते. नाकाड किती लांब, पाठीवरचे बारीक काटेरी उंचवटे कुठून सुरू होतात, शेपटीच्या टोकाशी दोन छोटे पर कसे बसलेत... मी बोलत राहिले. तो चित्र काढत राहिला. मधेच मान वर करून माझ्याकडे बघायचा, आणि मी बघितलं की लगेच स्केटकडे.

"राहते कुठे ही?"

"खूप खाली. उजेड पोचतच नाही तिथे. चिखलात अंग दडवून बसते. प्रवाळ नाही, निळं पाणी नाही."

"म्हणजे अख्खी भिंत काळी करू?"

"करा."

"किती सहज सांगता हो..." तो पुटपुटला.

पण त्याने केली. रोज जाता-येता मी थांबायचे. निळा समुद्र हळूहळू गडद झाला, तळाशी राखाडी चिखल आला, आणि त्यात अर्धी लपलेली माझी स्केट. डोळे तर असे, की आता हलेल.

"आता चूक काढा," तो म्हणाला.

"नाहीये."

"बघा नीट. एखादी असेल... उद्या परत यायला कारण हवं ना."

मी स्कूटी सुरू केली. कान का तापले होते, कोण जाणे.

ती सोसायटी माझे सख्खे काकाच बांधत होते, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. मग तो भिडेखातर ऐकत गेला असता, आणि मला तसं जिंकायचं नव्हतं.

सोमवारी पाहते तर भिंत पुन्हा निळी! प्रवाळ हजर. शेपटीवर आधीपेक्षा मोठा काटा! मी तिथूनच फोन लावला.

"लाज नाही वाटत? एवढं सगळं समजून घेतलंत, आणि शेवटी काटा?"

"वैष्णवी, ऐका तर—"

मी ऐकलं नाही. फोन ठेवला, त्याला ब्लॉक केलं आणि तडक काकांच्या ऑफिसात शिरले.

"काका, ते नाव पुसा भिंतीवरून! खोटं आहे ते."

"तुलाबी तेच?" रावसाहेबकाका वैतागले. "चिखल बघून फ्लॅट कोण घेणार हाय? त्या पेंटरला म्हटलं, निळं कर, शेपटीला काटा रंगव. तर म्हणतो, स्केटला काटा नसतो. म्हटलं, कुणी शिकवलं? नाव सांगंना. म्हणला, माझंच मत हाय. काम सोडून गेला. दुसऱ्याकडनं करून घेतलं मी."

मी खुर्चीत बसले. मग उठले. "मी शिकवलं! माझं नाव घेतलं नाही त्याने. आणि तुम्ही त्याचं काम घालवलंत! घरात स्केटवाली पोरगी असताना काका, निदान मला विचारायचं तरी!"



आमोद मंडईजवळ सापडला. एका दुकानाची पाटी रंगवत होता.

"मला सांगितलं का नाहीत?" मी खालूनच विचारलं.

"फोन तुम्ही ठेवलात."

"परत करायचा होता!"

"केला. लागत नाही."

मी फोन काढून त्याला अनब्लॉक केलं. राग होताच, फक्त आता तो कुणावर आहे, ते कळत नव्हतं. "कामावर कशाला पाणी सोडलंत? एका शेपटीसाठी?"

"शेपटीसाठी नाही..." तो म्हणाला आणि थांबला.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आणि यावर विनोद नकोय."

पाटीवरून रंगाचा ओघळ खाली आला. त्याचं लक्षच नव्हतं. "मलाही..." तो शिडीवरून उतरला. "मलाही तुम्ही आवडता, वैष्णवी. फार."

आणि त्याने माझा हात धरला. हात धरण्याआधी रंग पुसायचा असतो, हे मी त्याला सांगणार होते. नाही सांगितलं.