काचेवर दोन ठोके

हे रचलेलं नाही. माझ्या मामांबरोबर घडलं, गेल्या मंगळवारी, भर उजेडात.

मामा इस्पितळात ऑक्सिजनचं यंत्र चालवतात. पिंपासारखी बंद खोली, तिला एक गोल काच. आतल्या माणसाने काचेवर दोनदा ठोकायचं, म्हणजे ‘तयार आहे’. मग मामा दाब वाढवतात.

चार महिन्यांपूर्वी एक घड्याळजी एकटेच आले. एका डोळ्यासमोर अचानक अंधार. आतली रक्तवाहिनी तुंबली होती. भिंग लावायचा तोच डोळा. बाहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ताबडतोब’.

अकरा वीस झाले होते.

मामांनी ओळखीच्या खेळाडूला आधी आत घेतलं. त्याचा नुसता गुडघा दुखत होता. घड्याळजी पुन्हा पुन्हा विचारत होते, नंबर लागला का?

“डोळा काय पळून जातोय, काका?” मामा हसले.

दीडला त्यांना आत घेतलं. आतच त्यांना झटका आला. बाहेर काढलं तेव्हा डोळा गेला होता... आणि वाचाही.

जाब विचारतील म्हणून मामांनी वहीत त्यांच्या येण्याची वेळ लिहिली, एक वीस.

घड्याळजींची बायको, काकू, कामावरून धावत आल्या. डॉक्टर वही पाहून म्हणाले, यायला फार उशीर झाला.

“सकाळी मीच म्हटलं, जरा पडा, बरं वाटेल,” काकू म्हणाल्या. “झोप लागली असेल हो त्यांना.”

घड्याळजी उरलेल्या डोळ्याने मामांकडे बघत होते.

आठवड्याने ते गेले.

मंगळवारी मामांनी चाचणीसाठी रिकामं यंत्र बंद केलं. आत कुणी नव्हतं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

टक... टक.

मामांनी दार उघडलं. रिकामं.

पुन्हा बंद केलं.

टक... टक.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस.

मामांनी वही काढली, जुनी वेळ खोडली, खरी लिहिली.

बुधवारी त्याच वेळी पुन्हा ठोके.

वही सुधारून भागणार नव्हतं. कुणाला सांगायचं ते मामांना ठाऊक होतं. त्यांनी वहीतल्या नंबरवर फोन लावला.

“हॅलो, कोण बोलतंय?” काकूंचा आवाज.



आणि तिकडे, काकूंच्या मागे, काचेवर...

टक... टक.

मामांनी फोन ठेवला.

अजून त्यांनी काकूंना सांगितलेलं नाही. मी विषय काढला की ते आधी घड्याळाकडे बघतात.