रिकाम्या स्टेशनवरचे आवाज

लाइट लवकर येणार नाही, तेव्हा बसा इथेच गच्चीवर. सलील, तो मोबाइल खिशात ठेव. उजेड डोळ्यांत जातो.

आदिल परकार इथे ओमानात माझ्याच कंपनीत एसीच्या कामावर सुपरवायझर होता. दापोलीकडचा. गप्पिष्ट, पण थाप मारणारा माणूस नव्हे. राहायला पार लांब माबेल्याला, त्यामुळे रोज तासभर गाडीत जायचा आणि येताना तेवढाच. गाडी जुनी, कॅसेटवाली, आणि कॅसेट घातली की पट्टी गिळायची. ब्लूटूथ तेव्हा कुठलं? त्याच्या साडूने दुबईहून खिशात मावणारा गाण्यांचा प्लेअर आणून दिला आणि त्याबरोबर एक ट्रान्समीटर.

ते काय म्हणतेस, उत्तरा? सिगरेट लायटरच्या भोकात खोचायचा एवढासा तुकडा. प्लेअरची वायर त्यात लावायची. रेडिओवर जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही, नुसती खरखर येते, असा आकडा शोधायचा आणि तोच त्या तुकड्यावर लावायचा. मग प्लेअरमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर वाजायचं. कधी सिग्नलला शेजारच्या गाडीत तसाच तुकडा असला, आकडाही तोच असला, तर त्याचं गाणं आपल्या रेडिओत घुसायचं. आम्ही हसायचो. पण एक नीट ऐक. त्या तुकड्याला माइक नसतो. त्यातून गाणं जातं. गाडीत बोललेलं जात नाही.

तर दोन हजार पाच सालचा डिसेंबर. पहिली तारीख, गुरुवार, अमावस्या. आदिलची बायको मेहनाज रुस्ताकला बहिणीकडे, शकीलाकडे गेलेली. शकीलाचं बाळंतपण झालं होतं. मेहनाजला परत आणायचं, एवढंच काम. आदिलने रात्रीची, इशाची नमाज पढली, वाटेत बरक्याला थांबून शकीलासाठी खजूर घेतले आणि रुस्ताकचा रस्ता धरला. हवा छान होती, काचा खाली. प्लेअरवर जुनी गाणी चाललेली.

डोंगर जवळ आले तसं गाणं फाटायला लागलं. खरखर. मग त्या खरखरीतून दुसरंच गाणं वर आलं. लहान मुलांचं. बडबडगीत, आणि तेही मराठी.

आदिलला गंमत वाटली. पुढे कुणीतरी मराठी माणूस चाललाय, मुलंबाळं घेऊन. गाठून हात करावा म्हणून त्याने गाडी दामटली. पण समोर कुणाचे लाल दिवे दिसेनात. मागेही काळोख.

गाण्याबरोबर एक मुलगी गायला लागली. बोबडं, शब्द चुकवत. आणि एक बाई हसून म्हणाली, "मुक्तू, पुढचं मीच म्हणू का?"

आदिलचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला. त्याला हे बोलणं ऐकू यायलाच नको होतं.

त्याने प्लेअरची वायर उपटली. आवाज तसाच. लायटरमधला तुकडा ओढून सीटवर टाकला. तरी आवाज तसाच.

"अहो," बाई म्हणाली, "रस्त्यावर पाणी दिसतंय."

"वादी आहे गं ती. पाऊस झालाय ना डोंगरात." पुरुषाचा आवाज. तरुण. "समोरची गाडी गेली की आत्ता."

"ती मोठी होती. आपण थांबू या ना जरा."

"थांबून काय, रात्रभर इथेच बसायचं?"

वादी तुम्ही पाहिलीय. एरवी नदीचं कोरडं पात्र, गोटेच गोटे, आणि डोंगरात पाऊस झाला की पाणी असं येतं की गाडी काडीसारखी जाते. आदिल इथे पंधरा वर्षं काढलेला माणूस. त्याने अशा गाड्या पाहिल्या होत्या. कुठली वादी, तेही त्याला कळलं. पुढच्याच वळणापलीकडे रस्ता खाली उतरत होता.

तो ओरडायला लागला. ऐकू जाणार नाही हे माहीत असून ओरडायला लागला. रेडिओकडे तोंड करून.

"ओ भाऊ, गाडी घालू नका. वहिनी, सांगा त्यांना. पाणी ओढून नेईल. पोरीला उतरवा. आधी पोरीला उतरवा…"

"बाबा, पाणी किती आवाज करतंय."

"घालू नका…"

"अहो, ऐका तरी…"

"काही ऐकायचं नाही. बंद कर ते आधी."

टक्.

मग काही नाही. खरखरसुद्धा नाही.

आदिलने वळण घेतलं. उतारावर ब्रेक मारला. दिवे वादीत पडले.

वादी कोरडी होती.

तो उतरला. गोट्यांवर हात ठेवून पाहिला. दिवसाची ऊब होती अजून. वर चांदण्या. ढगाचा तुकडा नाही. गाडी नाही. टायरचा माग नाही. तो काठाकाठाने खाली बराच चालत गेला. हाका मारत. मुक्ता… मुक्ता…

रुस्ताकला पोचला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. मेहनाजने विचारलं, "काय झालं हो?" त्याने नुसते खजूर तिच्या हातात दिले.

शनिवारी साइटवर त्याने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, झोप लागली असेल. तो म्हणाला, "कृष्णकांतभाय, मी त्यांना ओळखत नाय. पण ते आहेत कुठंतरी. शोधूया ना." मग जो मराठी माणूस भेटेल त्याला हा विचारायचा, तुमच्यात मुक्ता नावाची लहान पोर आहे का? मराठी मंडळाच्या गणपतीत येऊन विचारलं. कोकणी लोकांच्या लग्नांतून विचारलं. लोक त्याला चुकवायला लागले. मुक्ता कुठेच नव्हती. डोंगराकडे ढग दिसले की तो त्या वादीच्या काठाला जाऊन गाडी लावून बसायचा, पाऊस थांबेपर्यंत. मेहनाज रडायची. माझ्याकडे येऊन म्हणायची, तुम्ही तरी समजवा.

मी समजावलं. पुढच्या डिसेंबरात एक दिवस आभाळ भरलं, आणि मी त्याला तिकडे जाऊ दिलं नाही. इथे घुब्र्याला माझ्या घरी जेवायला बोलावलं. रात्री पाऊस वाढला तसा म्हटलं, आता माबेल्याला जाऊ नकोस, झोप इथेच. त्या रात्री आदिल माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर होता. मी दोनदा उठून पाहिलं.

सकाळी मंडळातून फोन आला. रुस्ताकच्या रस्त्याला गाडी वाहून गेली. पुण्याची माणसं, ऑक्टोबरमध्येच ओमानला आलेली. नवरा राजीव. सापडला नाही. बायको रेखा आणि मुलगी एका बाभळीला अडकून वाचल्या. मुलगी पाच वर्षांची.

मी नाव विचारलं नाही. आदिल समोर चहा घेऊन बसला होता. त्यानेच विचारलं, "नाव काय पोरीचं?"

मी फोनवर विचारलं. मग त्याला सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. तोवर राजीवचं प्रेत बाहेर काढलं होतं. रेखाचा हात प्लास्टरमध्ये, मुलगी तिच्या कुशीत. नर्स म्हणाली, पोर बोलत नाही. आल्यापासून एक शब्द नाही. डॉक्टरांनी विचारून पाहिलं, आईने विचारून पाहिलं.

मी डबा टेबलावर ठेवला. आदिल दारातच उभा होता. आत यायला त्याला धीर होत नव्हता. शेवटी म्हणाला,

"वहिनी… मी आदिल."

मुलीने मान वर केली.

तिने आधी भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता. मग आदिलकडे. नीट पाहिलं. भ्यायली नाही.

"आई," ती म्हणाली, "हे रेडिओतले काका."

रेखाने चांगल्या हाताने तिला जवळ ओढलं.

"ते सांगत होते ना, मला उतरवा म्हणून… बाबांनी बंद केलं त्यांना."